आधी भित्रा निवडा, मग बाकीचे

भाऊबीजेला बहीण आली, सोबत भाची आली आणि भाचीच्या काखेत कागदाची एक लांब गुंडाळी आली. भाची सांगलीत लँडस्केप आर्किटेक्ट आहे. ओवाळणं झालं, फराळाची ताटं बाजूला सरली आणि तिनं तो प्राणिसंग्रहालयाचा नकाशा सोप्यात जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार डबे: दोन चकलीचे, एक शंकरपाळ्यांचा, एक रिकामा. नकाशात तीन मोठे गोल होते, एकेका थीमचा एकेक. 'माळरान', 'कृष्णाकाठ', 'सह्याद्री'. प्रत्येक गोलात प्राण्यांची नावं इतकी दाटीनं लिहिलेली की एसटीच्या बोर्डावरची गावं आठवली. मी मोजली, ३४ भरली.

"मामा, कोण कुणाबरोबर राहील तेवढं सांगा. बाकी मी बघते."

मी २९ वर्षं प्राणिसंग्रहालयात काढली. आधी किपर म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारा, शेवटची ११ वर्षं हेड किपर. आता भिलवडीजवळ गावी असतो. तिला त्या दिवशी जे सांगितलं आणि नंतर फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत राहिलो, ते इथं एकत्र लिहितोय. असे नकाशे हल्ली बरेच जण काढतात, आणि सगळ्यांची गाडी त्याच खड्ड्यात जाते.

एक कोरडं काम आधी उरकून घेऊ. आपल्याकडं कुणालाही मनात आलं म्हणून प्राणिसंग्रहालय काढता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्याखाली १९९२ साली आलेलं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आणि २००९ चे मान्यतेचे नियम, एवढं तिन्ही वाचून मगच पेन्सिल हातात घ्यायची. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय दार उघडता येत नाही, आणि एका संग्रहालयातून दुसरीकडं प्राणी न्यायचा तरी त्यांची आधी परवानगी लागते. म्हणजे 'तिकडून दोन गवे आणू' हे वाक्य मीटिंगमध्ये म्हणायला सोपं, प्रत्यक्षात वर्षाचं काम. यादी छोटी ठेवायला हे एक कारण पुरेसं आहे.

आता मुद्द्याचं. थीमचं नाव खोडून टाका. मी भाचीच्या पेन्सिलनं 'माळरान' हा शब्द खोडला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण नावावरून प्राणी निवडायला बसलं की माणूस आठवेल ते लिहीत सुटतो. नावाच्या जागी एक जागा, एक महिना आणि एक वेळ लिहा. उदाहरणार्थ: माण-खटावचा नाहीतर जत-आटपाडीचा माळ, मार्च महिना, सकाळचे आठ. कुसळी गवत वाळून पिवळं पडलंय, मध्येमध्ये बोरी-बाभळी, ओढा कोरडा, लांब कुठंतरी एक पाणवठा. आता तिथं कोण उभं आहे ते सांगा. काळवीट आहे. नशीब असेल तर चिंकारा आहे. मोर, तित्तर, घोरपड, खोकड आहे. लांबवर लांडगा आहे. चितळ नाही, कारण त्याला सावली लागते आणि पाण्यापासून तो फार लांब जात नाही. नीलगाय नाही, ती विदर्भातली आणि त्याच्याही वरची. भाचीच्या गोलात हे दोघंही होते.

हे फक्त पाटीवर खरं लिहावं म्हणून नाही. एका जागेचे प्राणी निवडले की जमीन आपोआप जुळते. काळविटाला कडक, कोरडी जमीन लागते. मऊ जमिनीवर त्याचे खूर झिजत नाहीत, वाढून पुढं वाकतात, मग तो टाचेवर चालायला लागतो. सांबराला उलट चिखल हवा, उन्हाळ्यात तो लोळतो. या दोघांना एका कुंपणात घातलंत तर अर्धी जागा कुणालातरी चुकीचीच मिळणार.

मग सागरेश्वरला कसं चालतं, असं भाचीनं लगेच विचारलं. प्रश्न बरोबर होता. धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं ते अभयारण्य आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथं कुंपणाच्या आत सांबर, चितळ, काळवीट तिघंही आहेत. पण ते कुंपण १०.८७ चौरस किलोमीटरला आहे. एवढ्या जागेत डोंगर आहे, घळ आहे, पठार आहे. ज्याला जो नको त्याच्यापासून तो अख्खा डोंगर ओलांडून जाऊ शकतो. भाचीचा गोल पाऊण एकराचा होता. पाऊण एकरात जनावरं एकमेकांना टाळूच शकत नाहीत. सगळा खेळ त्या टाळण्याचाच असतो.

टाळणं म्हणजे काय ते मी आमच्या गोठ्यात शिकलो. दोन म्हशी, एक रेडकू, तीन शेळ्या आणि कोंबड्या, सगळं एका पत्र्याखाली. गव्हाणीत कडबा टाकला की मोठी म्हैस आधी दोन्हीकडं शिंग फिरवून घ्यायची, मग खायची. शेळ्या मागं. आई कधी शेळीला गव्हाणीशी बांधायची नाही. ती शेवरीच्या, बोरीच्या डहाळ्यांची जुडी करून आढ्याला टांगायची, शेळीनं पुढचे पाय भिंतीला लावले की पोचेल एवढ्या उंचीवर. म्हशीला त्यात रस नाही आणि ती पोचतही नाही. रेडकाचं टोपलं वेगळं, एका आडव्या बांबूच्या पलीकडं. रेडकू खालून वाकून जायचं, म्हैस अडायची. कोंबड्या खाली सांडलेलं टिपायच्या. आईला कुणी 'मिक्स्ड स्पीशीज', म्हणजे वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवणं, म्हणून सांगितलं नव्हतं. पुढं नोकरीत परदेशी तज्ज्ञांची चित्रं बघितली तेव्हा मला तोच पत्रा दिसला.

ते परदेशी उदाहरणही सांगतो, कारण ते फार नेटकं आहे. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयात इथिओपियाच्या डोंगराची थीम आहे. त्यात गेलाडा माकडं, नुबियन आयबेक्स म्हणजे डोंगरी बोकड आणि हायरॅक्स नावाचे सशाएवढे प्राणी एकत्र राहतात. गेलाडा बसल्या जागी गवत खुडत खातात, आयबेक्स कड्यावर चढतो, हायरॅक्स कपारीत शिरतो. तिघांची पळायची दिशा तीन: एक आडवा, एक वर, एक आत. नकाशा बघताना हाच प्रश्न विचारायचा. प्रत्येक प्राणी घाबरला तर कुठं जाईल? दोघांचं उत्तर एकच आलं तर एकाला यादीतून काढा.

म्हणून निवड सगळ्यात भित्र्यापासून सुरू करायची. बहुतेक जण उलटं करतात. आधी मोठा, लोक ज्याला बघायला येतात तो निवडतात आणि उरलेल्या जागेत छोटे भरतात. भित्रा आधी ठरवला की बाकीचे सगळे त्याच्या मर्जीनं येतात.

भाचीच्या माळावर भित्रा होता चिंकारा. वजन वीसेक किलो, एकट्यानं नाहीतर दोघा-तिघांत राहणारा, झाडाची सावली हलली तरी उडणारा. त्याच कुंपणात तिनं काळविटांचा कळप लिहिला होता. मोठा काळवीट नर ३५-४० किलोचा, डोक्यावर दोन पिळाच्या बरच्या. तो आपला तुकडा आखतो, लेंड्यांची रास घालून हद्द ठरवतो आणि त्या हद्दीत आलेल्याला हाकलतो. उघड्या माळावर हाकललेला दोन किलोमीटर जातो आणि विषय संपतो. कुंपणात तो जाळीपर्यंत जातो, परत फिरतो, परत त्याच हद्दीत येतो. नराला वाटतं हा मुद्दाम करतोय.

तेव्हा दोनच रस्ते. चिंकारा ठेवायचा तर मोठा काळवीट नर नको. कळप हवा तर चिंकाऱ्याला वेगळी जागा. भाचीनं कळप घेतला, मीही तेच सुचवलं असतं. कळपात एक मोठा नर आणि बाकी माद्या. जास्तीचे नर वेगळे, सगळे नर-नर एकत्र. माद्या समोर नसल्या की ते बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहतात.

त्यात नीलगाय का नको, हे मात्र मला तिला नीट सांगावं लागलं. कारण बऱ्याच ठिकाणी ठेवतात आणि चालतंही. आमच्याकडंही पाच महिने चाललं.

अर्ध्या एकराची जागा, ११ काळविटं, नीलगायीचा एक नर आणि तीन माद्या. नीलगायीचा नर २०० किलोच्या वर जातो, रंग निळसर करडा, दिसायला शांत. पाच महिने मी रजिस्टरमध्ये रोज 'ठीक' लिहिलं. अक्षर माझंच आहे, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. मग दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या. नीलगायीची एक मादी माजावर आली आणि आमचे दोन किपर रजेवर गेले. माणसं कमी म्हणून संध्याकाळचा खुराक चार ठिकाणी टाकायचा तो एकाच ठिकाणी, दाराजवळच्या कोपऱ्यात टाकला गेला. काळवीट नर खायला पुढं आला, नीलगायीच्या नरानं मान खाली घालून त्याच्यावर चाल केली. शिंग लागलंसुद्धा नाही. पण काळवीट कोपऱ्यात सापडला, तिथून सुटला आणि जाळीच्या कडेनं धावत सुटला. त्याच्यामागं अख्खा कळप. अंधार पडत आलेला. मधलं सरकतं दार ओढून दोघांना वेगळं करायला मी धावलो, तर दार अर्ध्यावर अडकलं. दहा-पंधरा मिनिटं ती धाव चालली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळवीट उभा होता. मला हायसं वाटलं. दुपारी बघितलं तर मागचे पाय काठीसारखे ताठ. लघवी केली ती कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी बघून मान हलवली. तिसऱ्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात मांड्यांचे स्नायू उकडलेल्या मांसासारखे फिके पडलेले, अंगावर जखम एकही नाही. याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात: जिवाच्या आकांतानं धावल्यावर स्नायू फुटतात, त्यातला रंग रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि ती बंद पडतात. हरणं, काळविटं यांना हे फार लवकर होतं, आणि एकदा झालं की वाचवणं जवळजवळ हाताबाहेर जातं. म्हणून 'दोघं भांडतील का' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'एक धावला तर कुठं थांबेल' हा खरा.

त्या प्रसंगातून आमच्याकडं ज्या दुरुस्त्या झाल्या त्या आता मी प्रत्येक नकाशात बघतो. कोपरे बुजवायचे, जाळीचा काटकोन दिसला की तिथं गोल वळण द्यायचं किंवा कोपऱ्यात झुडपं नाहीतर ओंडके रचून तो मुळात पोचण्यासारखाच ठेवायचा नाही. मध्ये दोन-तीन आडोसे हवेत, मातीचा उंचवटा, करवंदाची जाळी, काहीही, की ज्याच्यामागं गेलं की समोरच्याला दिसत नाही. डोळ्यांआड झालं की निम्मं भांडण मिटतं. खुराकाच्या जागा गटांपेक्षा एक जास्त, आणि दोन जागांमध्ये एवढं अंतर की एका नराला दोन्हीवर पहारा देता येऊ नये. पाणीही दोन ठिकाणी. आणि छोट्यांसाठी आईच्या बांबूसारखी फट: उभ्या गजांची चौकट, जिच्यातून लहान प्राणी आत जाऊन खातो, मोठा बाहेर राहतो. या फटीची रुंदी पुस्तकातून घेऊ नका. आपल्याच जनावरांची छाती आणि शिंगांचा पसारा बघून पुठ्ठा कापा, त्यावरून गज लावा. काळविटाची शिंगं वर जाताना फाकतात. डोकं आत गेलं आणि बाहेर येईना, असं मी एकदा बघितलंय. करवतीनं गज कापावा लागला.

पाडसांचं वेगळं. काळवीट, चितळ यांची पाडसं जन्मल्यावर पहिले काही दिवस आईमागं फिरत नाहीत, गवतात दबून पडून राहतात. आई दूध पाजायला येते आणि निघून जाते. त्यामुळं गवताचा एक पट्टा वर्षभर न कापता राखायचा आणि तिथं जड प्राण्याची ये-जा नको. बागेचा ठेकेदार हा पट्टा 'गचाळ दिसतो' म्हणून हमखास कापतो. त्याला करारातच लिहून द्या.

माळावर शेवटी काय उरलं? काळविटांचा एक कळप, मोर आणि खंदकापलीकडं लांडगे. मोर जाळीवरून उडून गावात जाईल आणि परत येईल, त्याची चिंता नको. फक्त गावठी कोंबडी जवळ नको, ते पुढं सांगतो. लांडगा अर्थातच वेगळ्या जागेत, पण बघणाऱ्याच्या नजरेच्या एका रेषेत. ही युक्ती हागेनबेक नावाच्या जर्मन माणसाची. १९०७ साली त्यानं हॅम्बुर्गजवळ जाळीऐवजी लपलेले खंदक खोदून, शिकार आणि शिकारी एकाच माळावर आहेत असं लोकांना दाखवलं. लोकांना दाखवा, पण काळविटाला दिवसभर लांडगा दिसायला नको. मध्ये मातीचा बांध असा घाला की रस्त्याच्या उंचीवरून दोन्ही दिसतील आणि जमिनीवरून एकमेकांना नाही. दुसरं, वारा. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा लांडगा पूर्वेच्या अंगाला. वास पाठीमागं जाऊ दे. भाचीनं नेमका उलटा काढला होता, कारण पूर्वेला पार्किंग होतं.

एक विषयांतर. काही वर्षांपूर्वी आपल्या भागात इमूपालनाची लाट आली आणि गेली. लाट ओसरल्यावर लोक इमू घेऊन आमच्या दारात. एका साहेबांनी सुचवलं, हरणांत सोडा, ऑस्ट्रेलियाची थीम होईल! आम्ही दोन सोडून बघितले, दोन तासांसाठी. इमू कुणाला मारत नव्हता. त्याला फक्त कुतूहल फार. काळवीट दिसला की हा लांब मान पुढं काढून मागं मागं. काळविटांना ते काय प्रकरण आहे तेच कळेना. संध्याकाळी एका इमूनं किपरच्या शर्टाचं बटण गिळलं. तिथं ऑस्ट्रेलिया संपली.

आता कोंबडी आणि मेंढी. हा भाग लोक वाचत नाहीत, कारण यात भांडण दिसत नाही. भाचीच्या नकाशात 'सह्याद्री' गोलाला लागून एक छानसा 'धनगरवाडा' होता: दगडी कुंपण, घोंगडी, आणि मुलांना हात लावायला जिवंत मेंढ्या. पलीकडं गवा आणि सांबर. मी पहिली काट तिथं मारली. मेंढीच्या अंगात एक विषाणू असतो जो मेंढीला काही करत नाही. तिच्या नाकातल्या स्रावातून तो पसरतो. गवा, म्हैस, सांबर, चितळ यांना तो लागला की मॅलिग्नंट कॅटॅरल फीवर होतो: चढता ताप, नाकातून घाण, डोळ्यांवर पांढरा पडदा, आणि बहुतेक वेळा मरण. यावर भरवशाची लस नाही. जाळीनं हे थांबत नाही. मेंढी हवी तर ती संग्रहालयाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिचा किपर, बादली, खराटा सगळं वेगळं. तेच आफ्रिकेच्या थीममध्ये विल्डबीस्टचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या कुरंगाचं. त्याच्याकडं याच जातीचा दुसरा विषाणू असतो.

कोंबडी आणि मोर यांचंही असंच. कोंबडीच्या पोटातल्या बारीक कृमीच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा एकपेशी जीव पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, मोराचं यकृत सडतं. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून 'आधी कोंबड्या होत्या, आता मोर ठेवू' हेही नको. लाळ्या-खुरकूत तर आपल्याला माहीतच आहे. किपरच्या घरी म्हैस असेल तर त्याचे बूट गेटवर बदला. नवा प्राणी आला की किमान ३० दिवस क्वारंटाइन, शेण तपासणी, जंतनाशक. कुठलाही मंत्री उद्घाटनाला येणार असला तरी.

'कृष्णाकाठ' म्हटल्यावर सांगलीकराला मगर आठवणारच. पूर आला की ती रस्त्यावर येते, मग पेपरात येते. भाचीनं एका तळ्यात मगर, कासवं, चित्रबलाक आणि बदकं लिहिली होती. मगर ज्या तळ्यात, त्या तळ्यात दुसरं कुणी नाही, एवढं साधं आहे. मोठी मगर छोट्या मगरीलासुद्धा खाते, म्हणून त्यांच्यातही आकारानुसार वेगळेपण. मात्र दोन तळी शेजारी घेऊन मधली भिंत पाण्याखाली ठेवली की लोकांना एकच पाणी दिसतं. भिंत मजबूत आणि पाण्यावर पुरेशी उंच जाळी, जी वेलींनी झाकता येते.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत माझा अनुभव असा की मोठे पक्षी त्रास देत नाहीत, मधले देतात. चित्रबलाक, चमचा, काळा शराटी हे आपापलं बघतात. रातबगळा गोंडस दिसतो आणि रात्री दुसऱ्यांची पिल्लं उचलतो. जांभळी पाणकोंबडी तर माझी नावडती. रंग असा की बघत राहावं, आणि बदकांची अंडी, पिल्लं काही सोडत नाही. हळदीकुंकू बदकाची वीण हवी असेल तर या दोघांना बाहेर ठेवा. भारद्वाजही नको, शकुन मानत असलात तरी. चक्रवाकाची जोडी विणीच्या दिवसांत मालकी गाजवते. घरट्यांच्या जागा पक्ष्यांपेक्षा जास्त द्या, वेगवेगळ्या उंचीवर. शेळीच्या डहाळीचं तत्त्व इथंही लागू.

सह्याद्रीवर थोडक्यात. गवा आणि सांबर जंगलात एकाच घळीत दिसतात, कोयनेला, चांदोलीला. पण गव्याचा नर ८००-९०० किलोचा, तेव्हा जागा खरोखर मोठी असेल तरच, नाहीतर नुसता गवा ठेवा, तो एकटा पुरेसा देखणा आहे. भेकर छोटं म्हणून गरीब समजू नका. नराला वरच्या जबड्यात सुळे असतात आणि तो ते वापरतो. पिसोरी तीनेक किलोची, रात्रीची. तिला दिवसा गर्दीसमोर उभं करणं हा जुलूम आहे, तिला अंधाऱ्या दालनात जागा द्या. वानरं आणि हरणं जंगलात दोस्त असतात, वानर वरून पाला टाकतं, धोका दिसला की ओरडतं. कुंपणात लोक वानराला केळी, पाव टाकतात. वानराचं पोट पाला आंबवण्यासाठी बनलेलं, गोडानं ते फुगतं. आणि वानर हरणाची पेंड पळवतं ते वेगळंच. शिवाय त्याला आत ठेवेल अशी उघडी जागा बांधणं महाग. आम्ही यादीतून काढलं. शेकरूला आपला राज्यप्राणी म्हणून ठेवायचंच असेल तर उंच, वेगळी जाळी, जोडीनं, आणि लाकूड रोज बदला. तो सगळं कुरतडतो.

यादी ठरली, आता ओळख करून द्यायची. इथं घाई करणारे लोक मी खूप बघितले. पहिल्यांदा वास: एकाचा बिछाना दुसऱ्याच्या क्रालमध्ये, म्हणजे मागच्या छोट्या कोंडवाड्यात टाका, आठवडाभर. मग जाळीआडून दर्शन, दोन-तीन आठवडे. या काळात खाणं कमी झालं का ते बघा. जो खात नाही त्याला अजून भीती आहे. जागेत आधी भित्र्याला सोडा, एकट्याला, पंधरा दिवस, म्हणजे त्याला आडोसे आणि दारं पाठ होतात. जाळी दिसावी म्हणून सुरुवातीला तिला आतून शेडनेट नाहीतर पोती बांधा. द्राक्षबागायतदारांकडं जुनी नेट फुकट मिळते. नव्या जागेत पहिल्या दिवशी जाळीवर आदळून मान मोडलेली हरणं कुठल्याही जुन्या किपरला विचारा. मग मोठ्याला सोडा, पोट भरून, सकाळी. संध्याकाळी कधीच नाही. काही बिघडलं तर निस्तरायला उजेड हवा. नियमाप्रमाणं संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागतं, तोच दिवस धरा. चितळाचा नर सोडायचा असेल तर त्याच्या वाढत्या शिंगांवर मखमल, म्हणजे मऊ केसाळ कातडी असतानाच; शिंगं कडक झाली की तो वेगळाच प्राणी असतो. पहिले काही दिवस दोन किपर जागेवर, हातात प्लायवूडचा तुकडा. काठी नको. काठी पाहून जनावर पळतं, प्लाय आडवा धरला की त्याला भिंत वाटते आणि ते वळतं.

नंतर रजिस्टर. त्यात 'ठीक' हा शब्द लिहायला बंदी करा. कोण पहिला खायला आला, कोण शेवटी, कोण आडोशामागं बसून होता, एवढी तीन वाक्यं रोज. तोच प्राणी सात दिवस शेवटी येतोय असं दिसलं तर त्याला बाहेर काढायचं, मार लागायची वाट बघायची नाही. आणि काढून ठेवायचा कुठं? प्रत्येक जातीमागं एक रिकामा क्राल. तो नकाशात नसेल तर एकत्र ठेवायचा विचारच करू नका. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, मग अर्धा नकाशा रिकामाच दिसेल की." दिसू दे म्हटलं. ३४ नावांची १३ झाली होती तोवर, आणि शंकरपाळ्यांचा डबाही संपला होता.

राहिलं ते मधलं दार. सरकतं घेतलंत तर खालची पट्टी जमिनीत बसवू नका, माती आणि शेण जाऊन ती गच्च होते. आमची तशीच झाली होती. दार वरून टांगलेलं असावं, चाकं वर, दोरी किंवा साखळी बाहेरच्या बाजूला, एका माणसानं एका हातानं ओढता येईल अशी. दर सुट्टीच्या दिवशी ते पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचं, चाकाला ग्रीस लावायचं आणि ज्यानं केलं त्यानं सही करायची.